हवामानाची चक्रे आणि सह्याद्रीतील जंगलाचा वाढीचा हंगाम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एल निनोची (पॅसिफिक महासागराचे विषुववृत्ताजवळचे पाणी नेहमीपेक्षा तापल्याची) बातमी आली की शेतीची चिंता सगळीकडे बोलली जाते, आणि ते योग्यच आहे. जंगलाविषयीचे प्रश्न मात्र थोडे मागून, पण दरवर्षी न चुकता येतात : डोंगरात भटकणाऱ्यांकडून, शाळेत भूगोल शिकवणाऱ्यांकडून, हिरडा-करवंदे गोळा करणाऱ्या गावकऱ्यांकडून. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न येथे एकत्र केले आहेत. उत्तरे प्रामुख्याने महाराष्ट्र आणि गोव्यातील सह्याद्रीच्या संदर्भात आहेत. पनामा, बोर्निओ, ॲमेझॉन यांचे उल्लेख तुलना उपयोगी पडते तेथेच केले आहेत.

१. उष्णकटिबंधात बारा महिने ऊब असते. मग तिथल्या जंगलाला ‘वाढीचा हंगाम’ असतो का?

असतो, पण तो थंडीमुळे ठरत नाही. हिमालयाच्या वरच्या भागातील झाडांना थंडी थांबवते. उष्णकटिबंधातील झाडाला थांबवणाऱ्या गोष्टी मुख्यतः दोनच उरतात : पाणी आणि सूर्यप्रकाश. जिथे वर्षाला सुमारे २००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तिथल्या बहुतेक जंगलांना कोरड्या महिन्यांतही जमिनीतले पाणी पुरते आणि वाढीला मर्यादा पडते ती ढगांमुळे. त्याहून कमी पावसाच्या प्रदेशात मर्यादा पाण्याची असते.

सह्याद्री या विभागणीत नीट बसत नाही. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण जवळजवळ सगळा चार महिन्यांत. उरलेल्या महिन्यांपैकी सहा ते आठ कोरडे जातात. त्यामुळे एकाच जंगलाला जुलैत प्रकाश कमी पडतो आणि एप्रिलमध्ये पाणी कमी पडते. पुढची बहुतेक उत्तरे या एका गोष्टीवर उभी आहेत.

२. सह्याद्रीत हा हंगाम नेमका केव्हा सुरू होतो आणि केव्हा संपतो?

बहुतेकांचे उत्तर ‘जून ते सप्टेंबर’ असे असते. ते गवताला आणि सड्यांवरच्या (डोंगरमाथ्यावरील उघड्या कातळ-पठारांवरच्या) फुलझाडांना लागू पडते, झाडांना नाही. झाडांचा हंगाम पावसाच्या कितीतरी आधी सुरू होतो.

मार्चच्या अखेरीस एखाद्या घाटवाटेवर कुसुमाच्या झाडाखाली उभे राहून वर पाहावे. कोवळी पाने लालभडक, खाली लोंबणारी आणि बोटांना मऊ लागणारी असतात. काही दिवसांत ती तांबूस होतात, मग पोपटी, आणि मे महिन्यापर्यंत गर्द हिरवी. सुरुवातीचा लाल रंग कोवळ्या पानाचे कडक उन्हापासून रक्षण करतो, हरितद्रव्य नंतर भरते. ऐनाच्या झाडाला एप्रिल-मेमध्ये पालवी फुटते. साग सर्वांत सावध असून बहुतेक ठिकाणी वळवाच्या सरी किंवा मृगाचा पाऊस यांच्या आगेमागेच पाने काढतो.

जुलै-ऑगस्टमध्ये पाणी मुबलक असते, पण आकाश दिवसेंदिवस झाकलेले राहते आणि पान तयार असूनही त्याला प्रकाश अपुरा पडतो. सप्टेंबरच्या मध्यापासून नोव्हेंबरपर्यंतचा काळ सर्वांत फायद्याचा, कारण जमीन ओली असते आणि ऊनही स्वच्छ असते. त्यानंतर डिसेंबरपासून एकेक जात पाने टाकू लागते. म्हणून झाडांच्या बाबतीत हंगामाची दोन टोके लक्षात ठेवावीत : पालवीपासून पहिल्या पावसापर्यंतचे एक आणि परतीच्या पावसानंतरचे दुसरे.

३. पाऊस नसताना, ऐन उन्हाळ्यात पालवी फुटते ती कशाच्या जोरावर?

तीन गोष्टी एकत्र येतात. पहिली म्हणजे खोल गेलेल्या मुळांना खडकाच्या भेगांतले पाणी मिळत राहते. दुसरी म्हणजे खोडात साठलेले पाणी. ऐनाची सुसरीच्या पाठीसारखी भेगाळलेली साल सर्वांच्या ओळखीची आहे. त्याच्या काही खोडांवर आलेल्या फुगवट्याला छेद दिला तर पाणी वाहते, हे जंगलात राहणाऱ्यांना पूर्वीपासून ठाऊक आहे. तिसरी गोष्ट म्हणजे खुद्द पानगळ. जुनी पाने गळाली की बाष्पीभवन थांबते आणि खोडातील पाण्याची पातळी हळूहळू भरून येते, इतकी की कळ्या उमलू शकतात. वाढत जाणारा दिवस हा कळ्यांसाठी इशारा ठरतो.

याचा लाभही मोठा आहे. पावसाबरोबर अळ्या आणि किडी येतात. त्याआधीच पान जून झालेले असेल तर ते कमी खाल्ले जाते. तमिळनाडूतील मुदुमलाईच्या जंगलात झालेल्या अभ्यासात पावसाआधी पालवी फुटलेल्या झाडांचे किडींमुळे कमी नुकसान झाल्याचे आढळले.

४. ‘हवामानाची चक्रे’ म्हणजे नेमकी कोणती?

जंगलाच्या दृष्टीने महत्त्वाची चक्रे वेगवेगळ्या लांबीची आहेत. सर्वांत लहान म्हणजे मॅडन-ज्युलियन दोलन : ढगांचा आणि पावसाचा मोठा पट्टा ३० ते ६० दिवसांत विषुववृत्तालगत पूर्वेकडे सरकतो, आणि आपल्याकडच्या पावसाचा जोर व खंड ठरण्यात त्याचा वाटा असतो. त्यानंतर २ ते ७ वर्षांनी येणारे एल निनो-ला निना चक्र (ला निनात पॅसिफिकचे तेच पाणी नेहमीपेक्षा थंड होते). त्याच्या जोडीला हिंद महासागरातील द्विध्रुव, म्हणजे या महासागराच्या पश्चिम आणि पूर्व भागांच्या तापमानातील चढउतार; त्याचे वर्णन १९९९ मध्ये झाले. भारतीय मोसमी पावसात साधारण तीस वर्षांचे ओले आणि कोरडे कालखंड आलटून पालटून आलेले दिसतात, हे चौथे चक्र.

पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डोलतो, त्याचे सुमारे २३ हजार वर्षांचे चक्रही मोसमी पावसाची ताकद बदलते. मात्र त्याने जंगलांच्या सीमा सरकतात, एका झाडाच्या आयुष्यातील हंगाम नव्हे. सूर्यावरील डागांच्या ११ वर्षांच्या चक्राविषयी अनेक जण विचारतात. त्याचा प्रभाव वरील चक्रांच्या तुलनेत फारच क्षीण आहे.

५. एल निनो घडतो पॅसिफिक महासागरात. त्याचा सह्याद्रीशी संबंध कसा पोहोचतो?

हवेच्या एका प्रचंड चक्राकार प्रवाहातून. नेहमीच्या वर्षी पॅसिफिकचे उबदार पाणी इंडोनेशियाच्या बाजूला साचते, तिथे हवा वर चढते आणि पूर्वेकडे पेरूच्या किनाऱ्याजवळ खाली उतरते. एल निनोत व्यापारी वारे मंदावतात, उबदार पाणी पूर्वेकडे पसरते आणि हवा वर चढण्याची जागाही पूर्वेला सरकते. मग हवा खाली उतरण्याचा पट्टा आग्नेय आशिया व भारताच्या बाजूला येतो, आणि खाली उतरणारी हवा ढग वाढू देत नाही.

या संबंधाचा शोध भारतातच लागू लागला, याचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. १८७७ आणि १८९९ च्या दुष्काळांनंतर मोसमी पावसाचा अंदाज आधी बांधता यावा म्हणून गिल्बर्ट वॉकर हे गणितज्ञ १९०४ मध्ये भारतीय वेधशाळांचे प्रमुख झाले आणि जगभरच्या हवेच्या दाबाच्या नोंदी पडताळताना त्यांना पॅसिफिकमधील ‘दक्षिणी दोलन’ (दोन बाजूंच्या हवेच्या दाबाचा वर-खाली होणारा झोका; एल निनो त्याच्याशीच जोडलेला आहे) सापडले. महाराष्ट्राच्या स्मरणात राहिलेला १९७२ चा दुष्काळ एल निनोच्याच वर्षी पडला.

६. एल निनोच्या वर्षी पाऊस २० टक्के कमी झाला, तर जंगलाची वाढही २० टक्के कमी होते का?

नाही. सर्वाधिक गैरसमज याच प्रश्नात आहे, म्हणून उत्तर थोडे लांबते.

पश्चिम उतारावरील जंगलाच्या दृष्टीने जुलै-ऑगस्टमध्ये पडणारा बहुतांश पाऊस ‘जास्तीचा’ असतो. बेसॉल्टवरची किंवा जांभ्यावरची माती बहुतेक ठिकाणी पातळ असते. ती एकदा भिजून तृप्त झाली की त्यानंतरचा थेंब ओढ्याने कोकणात उतरतो. मुरलेले पाणी किती, हे मातीची जाडी आणि खडकातील भेगा ठरवतात, पर्जन्यमापकातील आकडा नव्हे. म्हणून साडेपाच हजारांऐवजी साडेचार हजार मिलिमीटर पाऊस पडला, तरी ऑक्टोबरच्या सुरुवातीला जंगलाकडे असलेला साठा जवळपास तेवढाच असू शकतो. शिवाय समोरून येणारे वारे डोंगराला धडकून वर चढतात, त्यामुळे घाटमाथ्याला एल निनोच्या वर्षीही बराच पाऊस मिळतो. तुटीचे प्रमाण पूर्वेकडील पठारावर अधिक जाणवते.

जंगलाला खरा फटका बसतो तो टोकांना. परतीचा पाऊस सप्टेंबरमध्येच आटोपला, तर ओल आणि ऊन एकत्र मिळण्याचा काळ आखडतो आणि कोरडा काळ लवकर सुरू होतो. पुढच्या वर्षी वळीव आला नाही आणि मृग लांबला, तर तोच कोरडा काळ दुसऱ्या बाजूनेही ताणला जातो. सात महिन्यांचा कोरडा काळ साडेआठ महिन्यांचा होणे हे पावसातील २० टक्के घटीपेक्षा झाडाला कितीतरी जड जाते. म्हणूनच जंगलाचा अंदाज बांधताना ‘किती पडला’ यापेक्षा ‘शेवटचा दमदार पाऊस केव्हा पडला आणि पुढचा केव्हा येणार’ हे विचारावे, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.

घाटाच्या पूर्वेला चित्र बदलते. महाबळेश्वरहून वाईला उतरेपर्यंत वार्षिक पाऊस हजार मिलिमीटरच्याही खाली येतो. तिथल्या पानझडी झाडोऱ्यात जास्तीचे पाणी नसतेच, त्यामुळे एकूण पावसातील तूट सरळ वाढीत उतरते.

७. मग प्रत्येक एल निनो म्हणजे जंगलासाठी वाईट वर्ष असे समजावे का?

तसे समजता येत नाही. १९९७ चा एल निनो विसाव्या शतकातील सर्वांत बलवान एल निनोंपैकी एक होता, तरीही त्या वर्षी देशातील मोसमी पाऊस सरासरीहून किंचित अधिकच राहिला. त्या वर्षी हिंद महासागराचा द्विध्रुव धन अवस्थेत होता, म्हणजे आफ्रिकेकडचे पाणी अधिक उबदार होते, आणि या स्थितीने एल निनोचा दाब बऱ्याच अंशी भरून काढला. याउलट २००२ चा एल निनो मध्यम होता, पण देशाची तूट १९ टक्के झाली. २००९ मध्ये ती २२ टक्के होती.

द्विध्रुव एकटाही हंगाम लांबवू शकतो. २०१९ मध्ये तो अत्यंत बलवान होता. मोसमी पावसाने वायव्य भारतातून परतीचा प्रवास सुरू केला तोच ९ ऑक्टोबरला, आणि क्यार व महा ही वादळे अरबी समुद्रात आल्याने पाऊस नोव्हेंबरपर्यंत रेंगाळला. कोरड्या काळाची सुरुवात अशा वर्षी पुढे ढकलली जाते.

८. पावसाळ्याच्या मध्यात पडणारा खंड जंगलाला घातक असतो का?

कोणासाठी, यावर उत्तर अवलंबून आहे. जुलै २००२ मध्ये देशात सरासरीच्या निम्म्याच्या आसपासच पाऊस पडला. ऑगस्ट २०२३ हा १९०१ पासूनच्या नोंदींतील सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. खोल मुळांच्या मोठ्या झाडाला अशा दोन-तीन आठवड्यांत पाण्याची ददात नसते, उलट ढग हटल्याने मिळणारे ऊन त्याला लाभते.

नुकत्याच रुजलेल्या रोपाचे मूळ मात्र बोटभर खोल असते. खंडात वरची माती सुकली की पहिल्यांदा तेच मान टाकते. फांद्यांवरच्या आमरी (ऑर्किड), नेचे, शेवाळ आणि कास पठारासारख्या सड्यांवरील अल्पजीवी फुलझाडे यांचेही तसेच. त्यांच्या सबंध आयुष्याचा हंगामच तीन-चार महिन्यांचा असल्याने तीन आठवड्यांचा खंड फुलोरा बिघडवू शकतो.

९. एल निनोचा परिणाम त्याच वर्षी दिसतो की नंतर?

बराचसा नंतर दिसतो, आणि म्हणूनच तो नजरेतून निसटतो. एल निनो साधारणपणे डिसेंबरच्या सुमारास शिगेला पोहोचतो. त्यानंतरचा उन्हाळा बहुधा अधिक तापतो. २०१६ आणि २०२४ चे उन्हाळे आठवावेत. म्हणजे कमी पावसाच्या वर्षामागून अधिक कडक उन्हाळा येतो, पालवी त्याच उन्हाळ्यात फुटायची असते आणि वणव्यांचा काळही तोच असतो.

मोठे झाड साठवलेल्या पिष्टमय पदार्थांवर एक वाईट वर्ष निभावून नेते. मुदुमलाई येथे १९८८ पासून ५० हेक्टरांच्या भूखंडातील प्रत्येक झाडाची नोंद ठेवली जाते. तिथे झाडांच्या मृत्यूचे प्रमाण दुष्काळाच्या वर्षी नव्हे, तर त्यानंतर दोन-तीन वर्षांनी वाढलेले दिसले. त्यामुळे ‘दुष्काळ सरला, जंगल टिकले’ असा निष्कर्ष पुढच्याच पावसाळ्यात काढणे घाईचे ठरते.

१०. ला निनाच्या वर्षी भरपूर पाऊस पडतो. म्हणजे जंगलाची चांदीच ना?

पूर्वेकडील कोरड्या पानझडी जंगलासाठी बहुतेक वेळा होय. ढगाळ, ओल्या जंगलासाठी मात्र नाही. पनामा कालव्याच्या कामात १९१४ मध्ये निर्माण झालेल्या जलाशयातील बारो कोलोराडो या बेटावर दीर्घकाळ फुलाफळांची नोंद होत आली आहे. तिथे एल निनोच्या वर्षी कोरडा काळ अधिक स्वच्छ उन्हाचा जातो आणि झाडे अधिक फळतात. त्यानंतर ओले, ढगाळ वर्ष आले की फळे घटतात आणि फळांवर जगणाऱ्या प्राण्यांची उपासमार होते. १९७० च्या अखेरीस तिथे अशी उपासमार स्पष्टपणे नोंदली गेली.

सह्याद्रीतही ढगांचा हा नियम जुलै-ऑगस्टपुरता खरा आहे. ला निनाच्या वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरही ढगाळ राहिले तर हंगाम कागदावर लांबतो, पण त्या दिवसांतील प्रकाश कमी होतो. लांबीचा फायदा सहसा जास्त असतो, तरी तो पूर्ण पदरात पडत नाही.

११. बोर्निओतील जंगले एल निनोच्या वर्षी एकदम फुलतात, हे खरे आहे का?

खरे आहे, आणि उष्णकटिबंधातील हे एक विलक्षण दृश्य आहे. बोर्निओ आणि मलाया द्वीपकल्पात आपल्याकडील साल वृक्षाच्या कुळातील उंच वृक्ष कित्येक वर्षे फुलतच नाहीत, आणि मग काही महिन्यांच्या आत शेकडो जातींची झाडे एकत्र फुलतात. अशी वर्षे अनेकदा एल निनोशी जुळतात. रात्रीचे तापमान काही दिवस सुमारे दोन अंशांनी उतरणे किंवा काही आठवड्यांचा दुष्काळ, यांपैकी एक किंवा दोन्ही मिळून इशारा ठरतात असे अभ्यासक मानतात. एवढे बी एकाच वेळी पडल्याने रानडुकरे आणि खारी सगळे फस्त करू शकत नाहीत. मात्र दुष्काळ फार तीव्र झाला की तेच वर्ष आगीचेही ठरते. १९८२-८३ आणि १९९७-९८ मध्ये बोर्निओत लाखो हेक्टर जंगल जळाले.

गार रात्रींचे महत्त्व आफ्रिकेतही दिसले आहे. गॅबोनमधील लोपे येथे काही वृक्षांना फुलण्यासाठी तापमान १९ अंशांखाली उतरावे लागते, असे निरीक्षण आहे. आपल्याकडच्या मोहोराशी असलेल्या साम्यासाठी प्रश्न १३ पाहावा.

१२. कारवी आठ वर्षांनी फुलते. हेही हवामानाचेच चक्र आहे का?

नाही. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात कारवी २००८, २०१६ आणि २०२४ मध्ये फुलली. त्यांतील २०१६ आणि २०२४ ही एल निनोला लागून आलेली वर्षे असल्याने अनेकांना संबंध वाटतो, पण तो योगायोग आहे. कारवीचे घड्याळ तिच्या आत आहे. एका वेळी रुजलेली सगळी झुडपे ठरावीक वर्षे वाढतात, एकदाच फुलतात, बी धरतात आणि वाळून जातात. एल निनो २ ते ७ वर्षांच्या अनियमित अंतराने येतो, कारवी तसे करत नाही. दक्षिणेतील नीलकुरिंजीचे १२ वर्षांचे चक्र (२००६, २०१८) आणि मिझोराममधील बांबूचे सुमारे ४८ वर्षांचे चक्र (१९११, १९५९, २००७) याच प्रकारचे आहे.

हवामानाचा संबंध फुलल्यानंतर येतो. कारवीचे बी पडल्यानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात मोठा खंड पडला तर पुढच्या पिढीची रोपे विरळ होऊ शकतात. कारण प्रश्न ८ मध्ये दिले आहे.

१३. यंदा रायवळ आंब्याला मोहोर उशिरा आला आणि जांभळेही कमी आहेत. एल निनोमुळे का?

असू शकेल, पण एका हंगामावरून तसे म्हणता येत नाही. आंब्याला मोहोरासाठी जमिनीतील ओल ओसरणे आणि रात्री गार होणे, या दोन्ही गोष्टी लागतात. परतीचा पाऊस रेंगाळला तर ज्या फांदीला मोहोर यायचा तिला पालवीच फुटते आणि मोहोर मागे पडतो. थंडी उबदार गेली तरी तसेच घडते. पहिले कारण २०१९ सारख्या बलवान द्विध्रुवाच्या वर्षी संभवते, दुसरे एल निनोच्या हिवाळ्यात. दिसणारा परिणाम सारखा असला तरी कारणे वेगळी आहेत.

जांभूळ मार्च-एप्रिलच्या सुमारास फुलते, म्हणून त्या वेळचा वादळी वळीव मोहोर झाडून नेऊ शकतो. शिवाय एक वर्ष लगडलेले झाड पुढच्या वर्षी विसावा घेते, हे बागायतदारांना चांगले माहीत आहे. या स्वाभाविक विसाव्याचा दोष एल निनोवर टाकू नये.

१४. एकाच डोंगरावर काही झाडे वाळतात आणि काही हिरवीगार राहतात. असे का?

ओढ्याकाठचे उंबर, करंज, अर्जुन यांची मुळे भूजलापर्यंत पोहोचलेली असल्याने त्यांच्या हंगामावर एका वर्षाच्या तुटीचा फारसा परिणाम दिसत नाही. देवरायांमध्ये पालापाचोळ्याचा जाड थर आणि न कापलेले छत्र ओल टिकवून धरते. देवराईतून उगम पावणारा झरा शेजारच्या उघड्या उतारावरील झऱ्यापेक्षा उशिरा आटतो, हा अनेक गावांचा अनुभव आहे. याउलट जांभ्याच्या सड्याच्या कडेला उभ्या असलेल्या अंजनीच्या झाडाला पातळ मातीतच भागवावे लागते.

पानझडी झाड पाने टाकून संकट टाळते. सदाहरित झाडाला तसे करता येत नाही, म्हणून कोरडा काळ लांबण्याची खरी झळ त्यालाच बसते. केरळकडून उत्तरेकडे येताना कोरडे महिने वाढत जातात आणि सदाहरित जाती एकेक करून मागे राहतात, त्याचे कारण हेच आहे. पावसाचा आकडा तर आंबोलीला दक्षिणेतील कित्येक सदाहरित जंगलांपेक्षा मोठा आहे.

१५. केरळ आणि निलगिरीकडेही एल निनोचा परिणाम असाच होतो का?

पूर्णपणे नाही. एल निनोच्या वर्षी नैर्ऋत्य मोसमी पाऊस कमी पडण्याची शक्यता वाढते, तसे ऑक्टोबर ते डिसेंबर या काळातील ईशान्य मोसमी पावसाचे प्रमाण दक्षिण द्वीपकल्पात बहुधा वाढते. त्यामुळे सह्याद्रीच्या दक्षिण टोकाला जूनपासूनची तूट वर्षअखेरीस काही अंशी भरून निघू शकते. महाराष्ट्रातील घाटांना हा दुसरा आधार जवळजवळ मिळत नाही. दक्षिणेतील निष्कर्ष उत्तरेला लावताना हा फरक विसरला जातो.

१६. झाडाच्या वलयांवरून जुने एल निनो ओळखता येतात का?

सागाच्या बाबतीत बऱ्याच अंशी होय. उष्णकटिबंधातील बहुतेक झाडांत वर्षाची वलये स्पष्ट नसतात, पण सागात ती असतात. सागाच्या ताज्या कापावर नख फिरवले तर मोठ्या छिद्रांची एक ओळ खरखरीत लागते. ती हंगामाच्या सुरुवातीला तयार झालेली असते, आणि तिच्यापुढचे घट्ट, गुळगुळीत लाकूड नंतरच्या महिन्यांचे असते. जावामधील सागाच्या वलयांचा अभ्यास १९३१ मध्येच प्रसिद्ध झाला होता. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांनी केरळमधील सागाची ५२३ वर्षांची वलयमालिका तयार केली असून, तीत एल निनोशी निगडित दुष्काळांच्या वर्षी अरुंद वलये आढळतात.

दोन सावधगिऱ्या आवश्यक आहेत. अरुंद वलय वणव्याने, छाटणीने किंवा शेजारच्या झाडाच्या सावलीनेही येऊ शकते, म्हणून एका झाडावरून काहीही ठरवू नये. आणि पावसाळ्यातील मोठ्या खंडामुळे एकाच वर्षात खोटे वलय उमटू शकते.

१७. दुष्काळात ॲमेझॉनचे जंगल उपग्रहातून अधिक हिरवे दिसले, असे वाचले. हे कसे शक्य आहे?

हा वाद खरोखर झाला. २००५ च्या दुष्काळात ॲमेझॉन अधिक हिरवे झाल्याचे २००७ मध्ये मांडले गेले. नंतर इतरांनी त्याच माहितीची फेरतपासणी करून तसे दिसत नसल्याचे सांगितले, आणि २०१४ मध्ये कोरड्या काळातील हिरवेपणाचा मोठा भाग सूर्य व उपग्रह यांच्यातील कोन बदलल्याचा परिणाम असल्याचे दाखवण्यात आले. त्यानंतर जंगलातील मनोऱ्यांवर बसवलेल्या कॅमेऱ्यांनी एक गोष्ट मात्र पक्की केली : कोरड्या महिन्यांत मध्य ॲमेझॉनमधील अनेक झाडे जुनी पाने टाकून नवी काढतात, आणि ही कोवळी पाने अधिक कार्यक्षम असतात. नेहमीचा कोरडा काळ आणि असाधारण दुष्काळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय २००५ चा तो दुष्काळ मुख्यतः उत्तर अटलांटिक तापल्यामुळे पडला होता, एल निनोमुळे नव्हे.

आपल्याकडे अडचण निराळी आहे. जुलै-ऑगस्टमध्ये सह्याद्री ढगांखाली असल्याने उपग्रहाला तो नीट दिसतच नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरमधील हिरवेपणाचे शिखर खरे असले, तरी त्याआधीची चढण चित्रांतून विश्वासाने वाचता येत नाही.

१८. हे सगळे चक्राचे आहे की तापमानवाढीचे?

दोन्ही एकमेकांवर चढलेले आहेत. चक्र वर-खाली होते आणि परत फिरते, तापमानवाढ एकाच दिशेने जाते. मध्य भारतात विस्तृत क्षेत्रावर पडणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात सुमारे तिपटीने वाढल्या. कमी दिवसांत जास्त पाऊस पडला की प्रश्न ६ मधील ‘जास्तीचे’ पाणी वाढते आणि मुरणारे वाढत नाही.

चक्राचे पडसाद उलट दिशेनेही उमटतात. २०१५-१६ च्या एल निनोत उष्णकटिबंधीय भूभागांनी २०११ च्या तुलनेत सुमारे अडीच अब्ज टन कार्बन वातावरणात अधिक सोडला. तीन खंडांत त्याची कारणे तीन होती : दक्षिण अमेरिकेत दुष्काळामुळे प्रकाशसंश्लेषण घटले, आफ्रिकेत उष्णतेमुळे कुजणे व श्वसन वाढले, आणि आग्नेय आशियात आगी लागल्या. एकच एल निनो तीन जंगलांना तीन वेगवेगळ्या ठिकाणी दुखवून गेला. त्यामुळे ‘एल निनोचा जंगलावरचा परिणाम’ असे एकच वाक्य लिहिणाऱ्याकडे आम्ही साशंकतेने पाहतो.

१९. मला माझ्या परिसरातील झाडांची नोंद ठेवायची आहे. सुरुवात कशी करावी?

थोडी झाडे निवडावीत, पण तीच झाडे वर्षानुवर्षे पाहावीत. एक कुसुम किंवा ऐन, एक साग, एक जांभूळ आणि ओढ्याकाठचे एक उंबर एवढी चार झाडेही पुरेशी आहेत; ओढ्याकाठचे झाड तुलनेसाठी लागते (प्रश्न १४). आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, कोवळी पाने, जून पाने, कळ्या, फुले, कच्ची व पिकलेली फळे यांपैकी काय आहे ते ‘नाही’, ‘थोडे’, ‘पुष्कळ’ या तीन शब्दांत लिहावे. सीझनवॉच या देशव्यापी उपक्रमात साधारण अशाच पद्धतीने नागरिक नोंदी देतात.

‘काही नाही’ ही नोंदही लिहावी. पालवी फुटल्याची तारीख तेव्हाच उपयोगाची ठरते, जेव्हा त्याआधीच्या आठवड्यात ती फुटलेली नव्हती हे कागदावर असते. शेजारच्या रकान्यात शेवटचा दमदार पाऊस, पहिला वळीव आणि दहा दिवसांहून मोठा प्रत्येक खंड यांच्या तारखा टिपाव्यात. एल निनोचे वर्ष कोणते होते हे भारतीय हवामान विभागाच्या नोंदींतून नंतर केव्हाही पाहता येते. आपल्या ऐनाला पहिले पान कोणत्या आठवड्यात फुटले, हे मात्र त्या आठवड्यात त्याच्याखाली उभे राहूनच लिहावे लागते.